नशीब काढलं म्हणायचं आणि दप्तर वाळवीला सोडायचं

आज थोडं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

दिवाळीनंतर आपल्या गावात तीन पाहुणे येऊन गेले. नेदरलँडचे. सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको आणि त्यांची बेचाळीस वर्षांची मुलगी. मुलगी मूळची आपल्याकडचीच. १९८३ साली, सहा महिन्यांची असताना, आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेतून त्यांच्याकडे दत्तक गेलेली. स्टँडसमोरच्या लॉजवर उतरले होते. बोलायला इंग्रजी येणारा कुणी हवा म्हणून लॉजवाल्याने मला फोन केला. बातमी मिळेल म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू?

तिच्याकडे एक फाइल होती. त्यात कोर्टाचा आदेश, बाळाचा फोटो आणि टाइप केलेला एक कागद. कागदावर एकच ओळ कामाची: 'मातेने स्वखुशीने बाळ संस्थेकडे सोपविले.' आईचं नाव नाही, गाव नाही. आणि तिकडच्या मध्यस्थांनी तेव्हा या नवरा-बायकोला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं की बाळाचे आई-वडील दोघंही वारले आहेत.

मग स्वखुशीने सोपवलं कोणी?

हा प्रश्न मी विचारला तेव्हा म्हातारबाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आम्हाला तेव्हाच दिसायला हवं होतं. पण आम्हाला बाळ हवं होतं, म्हणून दिसलं नाही." त्यांनी मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते थेट ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर. कुणीतरी सोबतीने आणून हातात दिली. भारतात ते आत्ता पहिल्यांदा आले.

तेव्हा पद्धतच तशी होती. परदेशी जोडप्याला इथं दत्तक घेता यायचं नाही. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्ट त्यांना फक्त पालक नेमायचं, पुढचं दत्तकविधान तिकडच्या देशात व्हायचं. मध्ये कोण किती पैसे घेतंय, आईला काय सांगून सही घेतलीय, याला विचारणारा कुणी नव्हता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. आधी देशातलं घर शोधा, नाही मिळालं तरच बाहेर पाठवा. ही मुलगी त्याच्या आदल्याच वर्षी गेली.

दोन दिवस आम्ही फिरलो. संस्था कधीच बंद पडलीय, विश्वस्तांपैकी कुणी हयात नाही. दप्तर जमा केलं म्हणतात, कुठे ते कुणी सांगत नाही. एका सरकारी कार्यालयात साहेब म्हणाले, "अहो, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरता? पोरीने नशीब काढलं की." दवाखान्यात त्या सालाचं जन्माचं रजिस्टर निघालं, पण अर्धं वाळवीने खाल्लेलं. शेवटी संस्थेतली एक जुनी आया सापडली. मावशी म्हणाली, "आम्हाला बाळं दिसायची दादा, कागद कुठं दिसायचे?" मग तिने त्या बेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दोन दिवसांत तिला मिळालं ते एवढंच.

'नशीब काढलं' हे मीही लिहिलंय. २००३ साली एका परदेशी जोडप्याने आपल्याकडचं बाळ दत्तक घेतलं, तेव्हा फोटोसकट चार कॉलम बातमी केली होती मी. सातासमुद्रापार उजळलेलं भाग्य वगैरे. बाळाच्या आईचं काय झालं, हा प्रश्न मला पडला नाही. त्याची आता लाज वाटते.

कुणी म्हणेल, इथं राहिली असती तर जगली तरी असती का? असेल तसं. ती स्वतः सांगते की तिचे आई-बाबा चांगले आहेत, तिला काही कमी पडलं नाही. तिची तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तिचा प्रश्न एवढाच आहे की आईने मला दिलं, की माझ्या आईकडून मला घेतलं? याचं उत्तर युरोपात मिळणार नाही. ते आपल्या तालुक्यातल्या कुठल्यातरी कपाटात आहे, किंवा होतं.

तिकडे निदान चौकशी तरी झाली. २०२१ मध्ये डच सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं की परदेशातून दत्तक घेताना गैरप्रकार होत होते, आणि सरकारला कळूनही त्याने कानाडोळा केला. आपण काय केलं? २००३ साली हेग कराराला मान्यता दिली. मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवायची, असं त्या करारातच आहे. कागदावर सगळं ठीक. फक्त कागदच जागेवर नाही.

आईच्या बदनामीचा मुद्दा खरा आहे. तेव्हा मूल सोडलेली एखादी बाई आज कुणाची आजी असेल. तिच्या दारात अचानक कुणी जाऊन उभं राहू नये. नियमही तेच सांगतो की मुलाचा शोध आईच्या खासगीपणाच्या आड येता कामा नये. पण आधी गुपचूप तिला विचारायचं, तर तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं लागेल ना?

म्हणून मागणी साधी आहे. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारीच देतात. मग जुन्या दप्तराची जबाबदारीही त्यांच्याच कार्यालयाने घ्यावी. बंद पडलेल्या संस्थांची रजिस्टरं, दवाखान्यातल्या नोंदी, कोर्टातल्या फायली शोधून स्कॅन कराव्यात. त्या कुलपात ठेवाव्यात, पण ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्याच्या आत. आणि अशी माणसं आली तर त्यांच्याशी बोलायला एक अधिकारी नेमावा. तसं निवेदन सोमवारी देतोय. सोबत यायचं असेल त्यांनी कळवा.

आणि कुणाच्या घरात, माळ्यावर त्या काळातलं काही दप्तर असेल, किंवा कुणाला काही आठवत असेल, तर कमेंटमध्ये लिहू नका. मला फोन करा. नाव कुठेही येणार नाही, हा माझा शब्द.

ती पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे.