रिक्त जागांचे गणित

केंद्र शासनाच्या सर्व खात्यांत मिळून १ मार्च २०२१ रोजी ४० लाख ३५ हजार पदे मंजूर होती; त्यांपैकी ३० लाख ५५ हजार पदांवर कर्मचारी काम करीत होते आणि उरलेली ९ लाख ७९ हजार पदे रिक्त होती. हा आकडा २०२२ साली संसदेत सांगितला गेला. त्याच वर्षी १४ जून रोजी, दीड वर्षात दहा लाख जणांची भरती करण्याचा आदेश पंतप्रधानांनी दिल्याचे जाहीर झाले. दोन आकड्यांतील साम्य इतके नेटके होते की, परभणीच्या किंवा सोलापूरच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाने त्याचा अर्थ एकच लावला असणार : दहा लाख खुर्च्या रिकाम्या आहेत आणि त्या आता भरल्या जाणार आहेत. त्या भरवशावर त्याने आणखी दोन वर्षे घरून पैसे मागविले असतील, तर त्याला दोष देता येणार नाही. आकडा सरकारी होता. मात्र तो नेमका कशाचा आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

वस्तुतः सरकारी कागदातील ‘रिक्त पद’ ही मोजून काढलेली गोष्ट नसून वजाबाकी करून काढलेली गोष्ट आहे. मंजूर पदांतून कार्यरत कर्मचारी वजा केले की जी बाकी उरते, ती रिक्त पदे. या बाकीत नाना तऱ्हेची पदे मिसळलेली असतात. काही पदे पदोन्नतीनेच भरावयाची असतात. ती रिकामी असली तरी बाहेरच्या उमेदवाराला त्यांचा उपयोग नाही. काहींची बिंदुनामावली तपासून झालेली नसते, काहींचा वाद न्यायालयात पडलेला असतो, काहींचे मागणीपत्र लोकसेवा आयोगाकडे गेलेलेच नसते, तर काहींना वित्त विभागाची संमती नसते. म्हणजे पद आहे, पण पगाराची तरतूद नाही. परीक्षा पार पडून निवड यादी लागली तरी उमेदवार रुजू होईपर्यंत ते पद रिक्तच धरले जाते. ज्या जागेसाठी माणूस निवडला गेला आहे तीही रिकामी, आणि जी जागा भरण्याचा कोणाचाच विचार नाही तीही रिकामी. शिवाय ठरावीक मुदतीहून अधिक काळ न भरलेले पद आपोआप रद्द झाले असे समजण्याचा दंडक केंद्राच्या वित्त मंत्रालयाने घालून दिला आहे. तेव्हा रिक्त पदांची संख्या घटविण्याचे दोन मार्ग झाले : ती भरणे, अथवा पुरेसा काळ न भरणे. आकडा खाली आला म्हणजे यांपैकी काय घडले, हे त्या आकड्यावरून कळण्याची सोय नाही.

शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. शाळेतील रिक्त पद हे संचमान्यतेच्या पोटातून जन्माला येते, आणि संचमान्यता ही पटसंख्या व निकष यांचा गुणाकार असते. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये हे निकष बदलले आणि शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्या वादातील योग्यायोग्य बाजूला ठेवले तरी मोजमापाच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट दिसते : वर्गातील एकही मूल कमी न होता, एकही नवा शिक्षक न येता, केवळ शासन निर्णयाच्या एका परिच्छेदाने रिक्त पद नाहीसे होऊ शकते.

महाविद्यालयांतील प्रकार याहून विचित्र आहे. प्राध्यापक निवृत्त होतो. त्याचे पद कागदावर रिक्त होते. तास मात्र चालूच राहतात, कारण ते घेण्यासाठी तासिका तत्त्वावर एखादा नेट-सेट उत्तीर्ण तरुण नेमला जातो. सत्र संपले की नेमणूक संपते, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. आता हा मनुष्य सरकारी आकडेवारीत कोठे सापडतो? उच्च शिक्षण खात्याच्या तक्त्यात तो नाहीच. तेथे त्याची खुर्ची रिकामी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल पाहणीत मात्र तो रोजगारप्राप्त आहे, कारण चालू साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार आठवड्यात एका दिवशी एक तास काम केले तरी माणूस बेकार ठरत नाही. एका तक्त्यात जागा रिकामी आणि दुसऱ्या तक्त्यात तीच जागा चालविणारा कामावर! दोन्ही तक्ते आपापल्या नियमांनुसार बिनचूक आहेत. बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय राज्यात सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. त्या गदारोळातही, कंत्राटी माणसाने चालविलेले पद भरलेले मानावयाचे की रिक्त, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

खासगी क्षेत्राकडे वळले तर वजाबाकीचाही आधार सुटतो. तेथे दीर्घकाळ भिस्त होती ती १९५९ च्या कायद्यावर. रोजगार विनिमय केंद्रांना, ज्यांना आपण सेवायोजन कार्यालये म्हणत आलो, रिक्त जागा कळविणे या कायद्याने १ मे १९६० पासून बंधनकारक झाले. सर्व सरकारी आस्थापना आणि पंचवीस अथवा अधिक कामगार असलेल्या बिगरशेती खासगी आस्थापना त्याच्या कक्षेत आल्या. परंतु सूट दिलेल्या जागांची यादीच लांबलचक होती. शेती, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, कार्यालयातील अकुशल काम, पदोन्नतीच्या जागा, लोकसेवा आयोगामार्फत भरावयाच्या जागा आणि दरमहा साठ रुपयांहून कमी वेतनाची नोकरी, हे सारे वगळलेले. (साठ रुपयांची ती मर्यादा कायद्याच्या पुस्तकात दशकानुदशके तशीच राहिली.) जागा कळविणे सक्तीचे, पण केंद्राने पाठविलेला उमेदवार घेणे सक्तीचे नाही, आणि न कळविल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड कमाल पाचशे रुपये. एवढ्या दंडासाठी कोणता कारखानदार आपल्या गरजा सरकारला सांगत बसेल? सामाजिक सुरक्षा संहितेने आता या कायद्याची जागा घेतली असून मर्यादा पंचविसांवरून वीस कामगारांवर आली आहे. तथापि ‘कळविलेली जागा’ आणि ‘असलेली जागा’ यांतील अंतर संहितेने मिटेल असे मानण्यास आधार नाही.

या अंतराचे आजचे रूप २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवा या केंद्रीय संकेतस्थळावर पाहावयास मिळते. तेथे २०२२-२३ या वर्षात सुमारे ३४ लाख ८१ हजार जागा नोंदविल्या गेल्या; पुढच्याच वर्षी तो आकडा एक कोटी नऊ लाखांवर गेला. त्या वर्षी नाव नोंदविणारे उमेदवार होते सुमारे ८७ लाख. जागा अधिक आणि मागणारे कमी! पूर्ण रोजगार म्हणजे बेकारांपेक्षा रिकाम्या जागा अधिक असणे, अशी व्याख्या विल्यम बेव्हरिज यांनी १९४४ साली केली होती. ती येथे लावली तर भारतात पूर्ण रोजगार अवतरल्याचे जाहीर करावे लागेल. देशातील नोकऱ्या एका वर्षात तिपटीने वाढल्या नाहीत, हे कोणीही सांगेल. हा आकडा वर्षभर नोंदविलेल्या जागांची बेरीज आहे. जानेवारीत भरली गेलेली जागाही त्यात आहे, आणि माणसे टिकत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा निघणारी जागा पुन्हा पुन्हा आहे. इतर संकेतस्थळे त्याला जोडली गेली की जागांची संख्या वाढते. ती वाढ जोडणीची असते. टाकीत वर्षभरात किती पाणी आले आणि या क्षणी टाकीत किती पाणी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांच्या जागी ठेवली की असा चमत्कार घडतो.

हे मोजणे अशक्य आहे काय? अमेरिकेत डिसेंबर २००० पासून दरमहा सुमारे एकवीस हजार आस्थापनांच्या नमुन्यावरून ही मोजणी होते. महिन्याच्या अखेरच्या कामकाजाच्या दिवशी, विशिष्ट पद अस्तित्वात असेल, त्यावर तीस दिवसांत काम सुरू होऊ शकत असेल आणि त्यासाठी बाहेरचा माणूस शोधण्याची खटपट चालू असेल, तरच ती जागा रिकामी धरतात. ब्रिटनमध्येही पूर्वी सरकारी रोजगार कार्यालयांकडे कळविलेल्या जागांवरच विसंबत. २००१ पासून सुमारे सहा हजार उद्योगांना दरमहा थेट विचारले जाते. या व्याख्येची कसोटी आपल्या ९ लाख ७९ हजारांना लावली तर किती उरतील, याचे उत्तर देऊ शकेल असा एकही तक्ता शासनाजवळ नाही.

आपल्याकडे प्रयत्नच झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रम ब्यूरोने २०२१ साली दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांची तिमाही पाहणी सुरू केली. कारखाने, बांधकाम, व्यापार, शिक्षण, आरोग्य अशी नऊ क्षेत्रे तिने घेतली आणि रिकाम्या जागांविषयीही विचारले. तिचे काही अहवाल प्रसिद्ध झाले, पण दरमहा ठरल्या दिवशी येणारा आणि मागच्या महिन्याशी ताडून पाहता येणारा आकडा त्यातून उभा राहिला नाही. बेकारांची गणना मात्र एप्रिल २०२५ पासून मासिक झाली आहे. नोकरी शोधणारा दरमहा मोजला जातो आणि नोकरी मोजली जात नाही. त्यामुळे बेकारी वाढते ती जागा नसल्यामुळे की असलेल्या जागांना लागणारे कौशल्य नसल्यामुळे, या वादात प्रत्येक पक्ष आपल्याला हवे ते म्हणावयास मोकळा राहतो. उद्योजक म्हणतात, माणसे मिळत नाहीत. तरुण म्हणतात, जागा निघत नाहीत. राज्यात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गातील प्रत्येक अर्जामागे एक हजार रुपये शुल्क घेतले गेले. जाहिरात पुन्हा केव्हा येईल आणि किती पदांची, याचा काहीच अंदाज नसल्यामुळेच येईल त्या जाहिरातीला अर्ज करण्यावाचून या मुलांना गत्यंतर उरत नाही.

निदान सरकारी पदांपुरते तरी यासाठी नवी पाहणी, नवे संकेतस्थळ वा नवा आयोग यांची गरज नाही. प्रत्येक कार्यालयाच्या आस्थापना शाखेतील लिपिकाला कोणते पद पदोन्नतीचे, कोणते सरळसेवेचे, कशाचे मागणीपत्र गेले, कशावर कंत्राटी माणूस बसला आहे आणि कशाला वित्त विभागाची संमती नाही, हे ठाऊक असते. वरिष्ठ कार्यालयाकडे जाणाऱ्या विवरणपत्रात मात्र मंजूर, भरलेली आणि रिक्त असे तीनच रकाने असतात. त्यातील तिसऱ्या रकान्याचे पाच भाग पाडावेत आणि ते विवरणपत्र जिल्हावार, दर महिन्याच्या अखेरीस, लोकांना पाहता येईल असे प्रसिद्ध करावे, एवढा शासन निर्णय काढण्यास विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही वाट पाहावी लागणार नाही.