हातानें केलेलें भूत

या सदरांत आम्हीं आजवर गौरीची आरास, दिवाळीचा किल्ला, आकाशकंदील अशा आपल्या घरांत नांदणाऱ्या कलांविषयींच लिहिलें आहे. या वेळचा विषय समुद्रापलीकडचा आहे, आणि तो एका वाचक भगिनीनें आमच्यापुढें ठेविला आहे. या बाई अमेरिकेंत मुलाकडे राहावयास गेल्या आहेत. त्या लिहितात : "येथें ऑक्टोबरअखेर घरोघर दारांत भुतें, कवट्या आणि कोळ्यांचीं जाळीं लावतात. नात म्हणते, 'आजी, आपण हें सगळें घरींच करूं.' आमच्याकडे याच वर्षीं यजमान गेले. पितृपंधरवडाही नुकताच झाला. अशा घरांत दारावर हाडांचा सांगाडा टांगावा काय? नाहीं म्हटलें तर पोर हिरमुसते, आणि हो म्हणावयास मन घेत नाहीं."

प्रश्न एका घराचा नाहीं. हॅलोवीन हा सण आतां आपल्याकडील मोठ्या शहरांतील शाळांत आणि वसाहतींतही येऊन पोंचला आहे. तेव्हां त्याचा थोडा विचार करून मगच कात्री हातीं घ्यावी, हें बरें.

'हॅलो' म्हणजे संत. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगांत सर्व संतांचा दिवस. त्याची आदली सायंकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबरची, तें हॅलोवीन. आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत याच सुमारास त्याहून जुना असा साव्हिन नांवाचा ऋतुसंधीचा सण असे. पीक घरांत आलेलें असे, उन्हाळी कुरणांवर गेलेलीं गुरें परत येत, आणि हिंवाळा सुरू होई. अशा सांध्यावर या जगाचें व पलीकडच्या जगाचें दार किलकिलें होतें, अशी तेथील लोकांची समजूत. अमावास्या आणि तिन्हीसांजा यांविषयीं आपल्या आज्यांच्या ज्या समजुती होत्या, त्या आठवल्या म्हणजे यांत परकें असें फारसें वाटणार नाहीं.

त्या रात्रीं आयरिश मुलें सलगमाचा कंद कोरून त्याचा दिवा करीत. सलगम हा आपल्या नवलकोलाच्या नात्यांतला. लहान, कठीण आणि कोरावयास चिवट. त्याला डोळे व दांत काढले आणि तो सुकून आक्रसला, म्हणजे जें तोंड तयार होतें, तें भोपळ्याच्या हंसऱ्या तोंडापेक्षां शतपट भेसूर असतें. डोनेगल परगण्यांतील फिनटाऊन येथील एका शिक्षिकेनें १९४३ सालीं असा एक दिवा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिला. गांवांत अशा दिव्यांची आठवण होती, परंतु ते करणारें कोणी उरलें नव्हतें, म्हणून तिनें तो दिला. मूळ कंद ठिसूळ झाल्यामुळें त्याचा प्लॅस्टरचा ठसा घेण्यांत आला, आणि आज मेयो परगण्यांतील संग्रहालयांत तो पाहावयास मिळतो. मुलांच्या एका रात्रीच्या खेळण्याला जपून ठेवण्याची बुद्धि त्या बाईंस झाली, याचें आम्हां जुन्या शाळामास्तरांस विशेष कौतुक वाटतें.

१८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्यावर रोग पडून आयर्लंडांत भयंकर दुष्काळ पडला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेस पोंचलीं. बरोबर त्यांची ही रात्रही गेली. तेथें भोपळा मुबलक. तो मूळचा अमेरिकेचाच; आपला तांबडा भोपळाही तिकडूनच आलेला. कंदापेक्षां मोठा, आंतून मऊ व कोरावयास सोपा. त्यामुळें सलगमाची जागा त्यानें घेतली. पुढें कागदाचे कारखानदारही या सणांत शिरले. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीनें १९०९ सालीं 'बोगी बुक' नांवाची पुस्तिका काढली. तिच्यांत क्रेप कागदाची आरास घरच्या घरीं कशी करावी, हें दाखविलें होतें. कंपनीचा हेतु कागद खपविण्याचा होता हें खरेंच. परंतु कागद विकत घेतला तरी वटवाघूळ घरींच कातरावें लागे. आज वटवाघूळच तयार मिळतें. एवढ्या एका फरकानें या सणाचें अर्धें मर्म हरपतें, असें आमचें मत आहे. तें कां, तें सांगतों.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले. त्यांत भयानकाचा स्थायी भाव भय, आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. हे दोन रस शेजारी असले तरी एक नव्हेत. प्रत्येक रसास मुनींनीं वर्ण व देवताही नेमून दिली आहे. भयानकाचा वर्ण काळा, देवता काल. बीभत्साचा वर्ण निळा, देवता महाकाल. आणि हास्याचा वर्ण पांढरा, देवता प्रमथ. प्रमथ म्हणजे शंकराचे गण. ज्या मंडळीस पाहून चारचौघांनीं पळत सुटावें, तिच्याकडेच मुनींनीं हास्याचें खातें सोंपविलें! हॅलोवीनचें भूत याच जातीचें आहे. तें काळ्या रात्रीं पांढरें कापड पांघरून येतें, क्षणभर दचकवितें, आणि लगेच हंसवितें.

व्यवहारांतलें भय दुःख देतें. रसांतलें भय सुख देतें. या दोहोंमधलें अंतर मुलाला शिकवावयाचें कसें? व्याख्यानानें तें शिकतां येत नाहीं. हातानें शिकतां येतें. वेदान्तांत अंधारांत दोरीवर साप भासतो, आणि दिवा आणतांच तो नाहींसा होतो. येथें मूल स्वतःच दोरीचा साप करितें. त्याला ठाऊक असतें कीं डोळे म्हणजे आजीच्या डब्यांतलीं बटनें आहेत, आणि केस म्हणजे सुतळी. रात्रीं निजतांना ज्याची भीति वाटते, त्याचें तोंड आपणच रंगविलें आहे, ही जाणीव पुष्कळ कामाची आहे. तयार आणलेल्या मुखवट्यानें ती येत नाहीं. शिवाय दुकानांतील माल बहुधा रक्त, तुटलेले हात आणि सडलेलें मांस यांवर भर देतो. तो भयानक नव्हे, निव्वळ बीभत्स आहे.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. ख्रिस्ती लोकही खेळ आणि स्मरण यांची गल्लत करीत नाहींत. ३१ ऑक्टोबरची रात्र मुलांच्या खेळाची. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशीं गोव्यांतील व वसईकडील कॅथलिक मंडळी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्याकडेही श्राद्ध हें श्रद्धेनें करावयाचें कृत्य. कागदी वटवाघळानें त्याला बाध येत नाहीं. म्हणून खेळ बंद करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. परंतु शोक ताजा असलेल्या घरानें सांगाडा, शवपेटी व थडग्याचा दगड या तीन वस्तु या वर्षीं वगळाव्या; आणि त्या कां वगळल्या हें नातीस सरळ सांगावें. "आजोबांची आठवण अजून ताजी आहे, म्हणून यंदा हाडें नकोत; मांजर, घुबड, वटवाघूळ आणि भोपळा करूं." कारण सांगितलें कीं मूल तें मानतें. कारण न सांगतां नाहीं म्हटलें, कीं घरांत कांहीं तरी बोलूं नये असें आहे एवढेंच त्याला कळतें. आणि त्याचीच त्याला खरी भीति वाटूं लागते.

आतां प्रत्यक्ष कृति. चार सायंकाळीं चार कामें होतील.

पहिलें, कापडाचें भूत. विरळ विणीचें पांढरें कापड घ्यावें. अमेरिकेंत तें चीजक्लॉथ या नांवानें मिळतें, आपल्याकडे बँडेजची जाळी चालेल. बाटलीच्या तोंडावर लहान फुगा बसवावा, आणि बाटलीस तार गुंडाळून दोहों बाजूंस हात काढावे. खालीं प्लॅस्टिकचा कागद पसरावा. पांढरा डिंक व पाणी समभाग घेऊन त्यांत कापड बुडवावें, हलकें पिळावें आणि या सांगाड्यावर सैल सोडावें. चुण्या आपोआप पडतील त्या मोडूं नयेत. सारें सौंदर्य त्यांतच आहे. एक दिवस वाळूं द्यावें, मग फुगा फोडून बाटली व तार अलगद काढावी. आंत कोणी नसतां उभें राहिलेलें कापड दिसेल. काळ्या कागदाचे दोन डोळे चिकटविले कीं झालें.

दुसरें, कागदाचा मुखवटा. फुगविलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीनें चिकटवाव्या. चार-पांच थर द्यावे, आणि प्रत्येक थर वाळल्यावांचून पुढचा देऊं नये. घाई केल्यास आंत बुरशी येते. वाळल्यावर उभा चिरला कीं दोन मुखवटे होतात. नाक व भुंवया उठविण्यासाठीं कागदाचा लगदा वापरावा आणि त्यांत भिजविलेली मेथी वाटून घालावी. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या आपल्या आज्यांस ही युक्ति माहीत होती : मेथीनें लगदा चिवट होतो आणि कीड लागत नाहीं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवांत देवदानवांचे जे मुखवटे नाचवितात, तेही कागदाच्या लगद्याचे करितात. केसांस सुतळी, दांतांस भोपळ्याच्या बिया, कानांस अंड्यांच्या पुठ्ठ्याची खोळ. घरांत जें टाकाऊ तेंच येथें मोलाचें. डोळ्यांचीं भोकें मात्र ऐसपैस ठेवावीं.

तिसरें, खिडकींतल्या सावल्या. काळ्या जाड कागदाचें घुबड, वाळकें झाड, पाठ उंचावलेलें मांजर कातरून काचेस आंतून चिकटवावें आणि मागें पातळ पिंवळा कागद लावून दिवा ठेवावा. खर्च जवळजवळ नाहीं, आणि लहान मूल असलेल्या घरांत यासारखी निर्धोक आरास दुसरी नाहीं.

चौथें, भोपळा; हा शेवटीं, कारण कोरलेला भोपळा चार-पांच दिवसांहून अधिक टिकत नाहीं. देंठाभोंवतीं झांकण कापतांना सुरी तिरपी धरावी, म्हणजे झांकण आंत पडत नाहीं. बिया व धागे खरवडून काढावे, आणि ज्या बाजूस तोंड कोरावयाचें तेथील भिंत बोटभर जाडीची राखावी. चेहरा मुलानें आंखावा, सुरी वडील माणसानें चालवावी. बिया मीठ लावून भाजाव्या. खरवडतांना निघालेला ताजा गर पिठांत घालून घारगे करावे. गूळ थोडा अधिक लागेल, कारण कोरण्याच्या जातीचा भोपळा पाणचट असतो.

दोन गोष्टींविषयीं मात्र आमचा आग्रह आहे. एक, जेथें कापड, कापूस किंवा क्रेप कागद, तेथें मेणबत्ती लावूं नये. बॅटरीचा लहान दिवा वापरावा. मुलांच्या सैल पोषाखांची वस्त्रें तर पेट घेण्यास क्षणही लागत नाहीं. दुसरी, या सणांत टोंकदार टोपीची म्हातारी चेटकीण सर्रास असते. तिच्या बाबतींत विवेक ठेवावा. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून १६९२ सालीं एकोणीस जणांस फांशीं दिलें गेलें. आपल्या देशांत तर चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ व खून अजूनही होतात. महाराष्ट्रास २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून वांकलेल्या, सुरकुतलेल्या म्हातारीला भीतीचें चित्र करूं नये, हें आम्ही आजी-आजोबांच्या वतीनें सुचवितों. भूत, घुबड व भोपळा यांची तक्रार कोणी घेऊन येणार नाहीं.

परधर्माचा सण म्हणून ज्यांना संकोच वाटतो, त्यांनीं गोव्याकडे पाहावें. तेथें बांबू, गवत व कागद यांचे प्रचंड नरकासुर तरुण मंडळी दिवस-दिवस खपून उभारतात आणि नरकचतुर्दशीच्या पहांटे जाळतात. आपण अंगणांत पायाच्या आंगठ्यानें कारीट चिरडतों, तो त्याच असुराचा वध. २०२४ सालीं नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबर रोजींच आली होती. परदेशांतील मराठी मुलांनीं पहांटे अभ्यंगस्नान करून सायंकाळीं भोपळ्यांत दिवा लावला, तर त्यांत विसंगत कांहींच नव्हतें. अंधारी रात्र, भेसूर तोंड आणि त्याच्या पोटांत दिवा. हीं तिन्ही दोन्हींकडे आहेत.

सण झाल्यावर भोपळा खतांत जावा. मुखवटा मात्र कोरड्या जागीं जपून ठेवावा, आणि त्याच्या आंतल्या बाजूस मुलाचें नांव व साल लिहावें. पुढील अंकीं जुन्या साड्यांच्या गोधड्यांविषयीं लिहूं.