उभ्या गाडीची मजुरी

धान निघायला लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात आणि घरोघरी एक विषय हमखास निघतो: यंदा गाडी घ्यायची का? २०२५ साली तर सरकारनंच निमित्त दिलं. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लोकांना वाटलं, गाडी स्वस्त झाली. झाली, पण विकत घ्यायला. पोसायला ती होती तेवढीच महाग आहे, आणि त्याबद्दल शोरूममधला टाय लावलेला पोरगा अवाक्षर काढत नाही.

माझा भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहतो भंडाऱ्यात, शाळेत जातो मोटरसायकलनं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी घरच्यांसोबत आमच्याकडं आला आणि म्हणाला, ‘‘मामाजी, गाडी घेऊनच टाकावं म्हणून राहिलो जी. नागपूरला जाऊन यायचं तर आठशेचं पेट्रोल लागते. चौघं जण आरामात. मंग काहून नाही घ्यायची?’’

आमच्याकडं गाडीचा हिशेब असाच सांगतात, पेट्रोलमध्ये. ‘गाडी किती पडते?’ असं कुणालाही विचारा, तो ‘सतराचा अॅव्हरेज देते’ असं उत्तर देईल. यात भंडारेकरांचाच काही दोष आहे असं नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०२० साली जर्मनीतल्या गाडीमालकांची एक पाहणी छापून आली होती. ज्या देशानं जगाला मोटार दिली, तिथले लोकही स्वतःच्या गाडीचा एकूण खर्च सरासरीनं निम्माच धरतात, असं त्यात दिसलं. इंधनाचा आकडा त्यांना बऱ्यापैकी बरोबर सांगता येतो. चुकते ती गाडीच्या घटत्या किमतीची, विम्याची आणि दुरुस्तीची बाजू. कारण उघड आहे. पंपावर पाकीट दर वेळी उघडावं लागतं. घसारा मात्र रात्री झोपेत लागतो.

तर भाच्यासमोर वही उघडली. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, माझ्याकडून दुसरं काय होणार?

साडेसहा लाखांची पेट्रोलची लहान गाडी धरली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे ७१,५०० रुपये तिथंच गेले. नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो, तो आणि इतर विमा, नोंदणी मिळून गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसात लाख. त्यातले पाच लाख कर्जाचे, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता १०,३७९ रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज सव्वा लाखाला जेमतेम कमी. पाच वर्षांनी गाडी विकली आणि गिऱ्हाईक भलं निघालं तर चार लाख हातात येतील. विमा कंपनीचा तक्ता याहून कठोर आहे. चार वर्षं उलटून गाडी पाचव्यात गेली की तो तिची किंमत सरळ निम्म्यावर आणतो. आपण बाजारभावच धरू. साडेतीन लाख बुडाले, म्हणजे वर्षाला ७०,००० रुपये. व्याज वर्षाला २४,५००. पुढच्या वर्षांचा विमा सरासरीनं १२,०००. सर्व्हिसिंग ७,०००. पाच वर्षांत एकदा टायर, एकदा बॅटरी, त्याचे वर्षाला साडेचार हजार. बेरीज १ लाख १८ हजार. आणि अजून पेट्रोलचा थेंबही टाकलेला नाही.

३६५ नं भागलं तर दिवसाला तीनशेच्या वर. अंगणात ताडपत्री घालून उभी असलेली गाडी रोज एवढे पैसे खाते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ठरली होती ३१२ रुपये. आमच्या जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ उपसायला, उन्हात घमेलं उचलायला दिवसभर जो माणूस लागतो, त्याची ही मजुरी. इकडं गाडी काही न करता तेवढीच उचलते.

आता पेट्रोल. भाच्याची गाडी वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर चालेल. शाळेला मोटरसायकल आहेच. लिटर १०५ रुपये आणि सतराचा अॅव्हरेज धरला तर ३७,००० रुपये. एकूण १ लाख ५५ हजार. किलोमीटरला जवळजवळ २६ रुपये. नागपूरचा जाऊन-येऊन १३० किलोमीटरचा फेरा त्याच्या हिशेबात आठशेचा होता, तो वहीत ३,३०० च्या वर गेला. माथनीचा टोल त्याहून वेगळा. टोलनाक्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वर्षाचा पास निघाला. रोज नागपूर गाठणाऱ्याला तो सोन्यासारखा. महिन्यातून एकदा जाणाऱ्याच्या तो काय कामाचा?

गंमत म्हणजे हीच गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर पळाली तर किलोमीटरचा दर १४-१५ रुपयांवर येतो. गाडी जेवढी कमी वापराल तेवढी ती महाग. आपण मात्र ‘जपून वापरतो जी’ म्हणून अभिमानानं सांगतो.

भाचा म्हणाला, ‘‘पगारातून निघून जाईल ना.’’ निघेल. पण त्याचे वडील धानवाले. त्यांच्या भाषेत सांगावं म्हणून पुढची ओळ लिहिली. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. एक लाख पंचावन्न हजारांचे झाले पासष्ट क्विंटल. एकरी पंधरा क्विंटल धरले तर सव्वाचार एकरांहून जास्त बांध्यांचं सगळं पीक, तेही रोवणीची मजुरी, खत, कापणी, मळणी काहीही वजा न करता. दरवर्षी. ज्या जिल्ह्यात बहुतेकांचं रान दोन-अडीच एकरांच्या आतबाहेर आहे, तिथं एक लहान गाडी दोन घरांचं शेत खाते. हे ऐकून भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, इतका वेळ चघळत असलेली सुपारी थुंकून आले आणि खुर्ची पुढं ओढून बसले.

उभ्या गाडीचे आणखीही चोचले असतात. कापणी झाली की रानातले उंदीर घरांकडं सरकतात आणि बॉनेटच्या आतली ऊब त्यांना मानवते. आमच्या गल्लीतल्या एका गाडीचं बॉनेट मेकॅनिकनं उघडलं तेव्हा मी शेजारीच होतो. इंजिनावर धानाच्या तुसाचं, कापसाच्या बोळ्यांचं व्यवस्थित घरटं. दोन वायरी कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या, आणि बॅटरीच्या टोकावर पांढरट हिरवी बुरशी. मेकॅनिकनं चिमट्यानं एकेक तूस वेचून काढलं आणि म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी चालवत जा. उभी गाडी माणसापेक्षा लवकर म्हातारी होते.’’ मालकानं डांबरगोळ्या टाकून पाहिल्या होत्या, तंबाखूची पानंही. उंदरांनी दोन्ही बाजूला सारली होती.

वैनगंगेकाठी राहणाऱ्यांनी विम्याचं एक कलम तेवढं नीट वाचावं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातलं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये ते घुसलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहिली आणि इंजिन गेलं, तर साध्या विम्यातून त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पाणी ओसरल्यावर चावी फिरवायचा मोह आवरायचा, गाडी ओढून न्यायची.

मला स्वतःला गाडीवाला माणूस बघितला की लाखनीच्या शंकरपटातली शर्यतीच्या बैलांची जोडी आठवते. वर्षभर बैलांना सरकी, गूळ, तेल. अंगाला माणूस लावून मालिश. नांगराला जुंपायचे नाहीत. आणि धाव किती? पटाच्या दिवशी काही सेकंद. पण जोडीवाल्याला हा खर्च कळत नाही असं समजू नका. तो पुरता जाणतो. लोक वळून बघतात त्याचे तो पैसे मोजतो, आणि विचारलं तर तसं सांगतोही. गाडीवाला मात्र ‘सोय’ म्हणतो.

सोयीचा भाग खोटा नाही, त्यावर पुढं येतो. पण गाडी आली की मागणारेही येतात. लगीनसराईत, एप्रिल-मे महिन्यात, गाडीवाल्याचं दार वाजतं. ‘भाऊ, सकाळी नवरदेव न्यायचा होता जी, साकोलीपर्यंतच.’ नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येते. मागच्या सीटवर अक्षतांचे दाणे, हळदीचा हात, चिकट झालेलं सरबत. काटा लाल रेषेवर. आणि नेणारा मनापासून म्हणतो, ‘पाचशेचं पेट्रोल टाकलं होतं जी.’ त्याच्या मते देणं फिटलं. शंभर किलोमीटरचे २६ रुपयांनी २,६०० होतात हे त्याला सांगणार कोण?

गाडी नसली तर काय, हा खरा प्रश्न. भंडाऱ्याहून नागपूरला एसटी भरपूर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतरही साध्या गाडीचं तिकीट शंभर-सव्वाशेच्या घरात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि त्याआधीच पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. भाचा, त्याची बायको, पोरगा आणि म्हातारी आई, असे चौघे मिळून दोन तिकिटांत जातात. जाऊन-येऊन पाचशेच्या आत. नुसत्या पेट्रोलपेक्षाही स्वस्त. रेल्वेचं मात्र आमचं दुखणं जुनं आहे. स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीला, गावापासून दहाएक किलोमीटरवर. गाडी पकडायला गाडी लागते. पवनीकडच्या लोकांची नागपूर-नागभीड छोटी रेल्वे २०१९ मध्ये रूळ रुंद करायला म्हणून बंद झाली, तेव्हा तो भाग रस्त्यावरच आला. ज्या जिल्ह्यात गडेगावच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात, तिथल्या माणसाला शेजारच्या तालुक्यात पोचायला दुसऱ्याच्या मोटरसायकलची मागची सीट शोधावी लागते.

आणि भाड्याची गाडी? किलोमीटरला बारा-चौदा रुपये, ड्रायव्हर त्यातच. भाच्याचे वर्षाचे सहाच्या सहा हजार किलोमीटर भाड्यानं केले तरी ८४,०००. स्वतःच्या गाडीपेक्षा सत्तर हजारांनी कमी, आणि उंदीर भाडेवाल्याच्या अंगणात.

इथवर भाऊजींना माझं म्हणणं पटलं होतं. पण ताई, म्हणजे भाच्याची आई, आतून म्हणाली, ‘‘रात्री दोन वाजता येते का रे तो भाड्याचा?’’

हा मुद्दा वहीत मावत नाही. आमच्याकडं दुखणं जरा वाढलं की डॉक्टर एकच शब्द उच्चारतात: नागपूर. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि तिनं किती जीव वाचवले याला गणती नाही. पण जे दुखणं रुग्णवाहिकेइतकं मोठं नसतं आणि सकाळपर्यंत थांबवतही नाही, त्याला काय करायचं? नवतपा पेटलेला असतो, पारा पंचेचाळीसवर, आणि मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीला मोटरसायकलवर मागं बसवून महामार्गानं न्यायचं असतं. ज्यानं नेलंय त्यालाच ते ठाऊक. ओळखीचा गाडीवाला फोन उचलेल की नाही ही धाकधूक ज्या घरात आहे, त्यांनी वर्षाचे सत्तर हजार जास्त मोजले तर मी त्यांना उधळे म्हणणार नाही. मात्र तो पैसा रात्रीच्या निर्धास्तीचा आहे, प्रवासाचा नाही, हे एकदा ठरलं की गाडी कोणती घ्यायची हेही बदलतं. रात्री दोन वाजता सनरूफ उघडायचं नसतं. मोठी स्क्रीन, अलॉय व्हील, मधलं मॉडेल सोडून वरचं, यातलं काहीच लागत नाही. जुनी चालते.

मी तेच सुचवलं. तीन वर्षं वापरलेली, एका हाताची, साडेचार लाखांची गाडी. कर्ज न काढता. पहिल्या मालकानं घसाऱ्याचा मोठा घास आधीच गिळलेला असतो. पाच वर्षांनी अडीच लाखाला विकली तर वर्षाला ४०,००० बुडाले. दुरुस्तीला जास्त, पंधरा हजार धरा. विमा, पेट्रोल धरून किलोमीटरला सतरा-अठरा रुपये, ठेवीवरचं बुडालेलं व्याज सोडून. घेण्याआधी आपला मेकॅनिक सोबत न्यायचा, सर्व्हिसिंगची नोंद बघायची, आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहायचं. बोजा उतरल्याची नोंद नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, उठून यायचं.

भाच्याचा चेहरा थोडा पडला. जुन्या गाडीला हार कोण घालतो? पण भाऊजींनी मान हलवली आणि विषय मिटल्यासारखा झाला.

तेवढ्यात भाचेसून चहा घेऊन आली. ती लाखनीला एका कार्यालयात नोकरीला आहे, रोज एसटीनं जाते-येते. भाचा तिला म्हणाला, ‘‘आता तुला बसच्या गर्दीत जायची गरज नाही. गाडी शिकून घे.’’

‘‘गाडी घ्या ना,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी एसटीनंच जाईन. अर्ध्या तिकिटात जाणं होते. आमची सहा-सात जणींची मागची सीट ठरलेली आहे. भाजी निवडून होते, एकमेकींच्या सासवा सांगून होतात. गाडीत एकटीनं बसून काय करू जी?’’

म्हणजे गाडी आणखी कमी चालणार आणि किलोमीटरचा दर आणखी चढणार. ते गणित मी तिच्यासमोर मांडलं नाही. चहा घेतला आणि वही मिटली.