होम लोन घ्यायचंय? घर बघण्याआधी फाइल तयार करा

घर आवडलं, टोकन दिलं, पेढेही वाटले. आणि मग बँकेतून फोन आला, "पॅन आणि आधारवर नाव वेगळं आहे."

आमच्या घरी हेच झालं. कर्जासाठी आई सहअर्जदार होती. तिच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते जुळवण्यात तीन आठवडे गेले आणि टोकनची मुदत संपत आली. थोडक्यात पैसे वाचले! तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आधी कागदपत्रं, मग घर.

नावापासून सुरुवात करा
पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवा. नाव, जन्मतारीख, स्पेलिंग जुळतंय का बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, त्यामुळे दुरुस्ती नीट विचार करून करा.

उत्पन्नाचे पुरावे
नोकरी असेल तर सहसा शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि दोन वर्षांचे फॉर्म 16 मागतात. स्वतःचा व्यवसाय असेल तर दोन-तीन वर्षांचे आयकर रिटर्न, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक लागतं. सगळा व्यवहार रोखीत असेल तर कमाई असूनही ती कागदावर दिसत नाही. म्हणून रिटर्न वेळेवर भरा.

क्रेडिट स्कोअर
हा 300 ते 900 च्या दरम्यान असतो. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. फेडलेलं जुनं कर्ज त्यात अजून चालू दिसत असेल, तर अर्जाआधीच तक्रार करा.

घराचे कागद
विक्री करारनामा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि आधीच्या मालकांच्या दस्तांची साखळी बघा. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचा रेरा क्रमांक तुमच्या राज्याच्या रेरा वेबसाइटवर तपासा. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीची एनओसी आणि मालमत्ता कराची पावती मागा. महाराष्ट्रात इंडेक्स टू लागतो. बेंगळुरू किंवा चेन्नईत घर घेत असाल, तर एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट म्हणजे बोजा नसल्याचा दाखला मागतील.

स्वतःच्या पैशांचा हिशेब
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, तर 30 ते 75 लाखांपर्यंतचं 80 टक्के मिळू शकतं. म्हणजे 50 लाखांच्या घराला कर्ज 40 लाखांपर्यंत. उरलेले 10 लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यावर वेगळा.

हे विसरू नका
टोकन देण्याआधी 'कर्ज नामंजूर झालं तर रक्कम परत' असं लेखी घ्या. घराचे मूळ कागद बँकेत जमा करताना त्यांच्या यादीवर सही-शिक्का घ्या. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत ते परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे.

आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे कागद एकदा टेबलावर मांडा. आई, बायको, सासूबाई, ज्या कुणाला सहअर्जदार करणार आहात, त्यांचं नाव सगळ्यात आधी तपासा.