प्लग पाना कुणाच्या डिकीत आहे?

चेतक चालवणाऱ्या बापांच्या डिकीत एक प्लग पाना असायचा आणि फडक्यात गुंडाळलेला एक जादा प्लग. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलातच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. हातखंब्याला स्कूटर बंद पडली की इस्त्रीच्या शर्टातला कारकून खाली बसायचा, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा आणि किक मारून रत्नागिरीला वेळेत पोचायचा. त्याला कुणी मेकॅनिक म्हणत नसे.

त्याचीच मुलं आपण. बॉनेट कसं उघडतं हेही आपल्याला माहीत नाही, आणि वर त्याचा थोडा अभिमानही आहे. हात काळे करणं हे 'त्या' लोकांचं काम, हा जुनाच आजार. आता फक्त 'माझ्या वेळेची किंमत' असं त्याचं नाव झालंय. हीच माणसं रविवारी तीन तास रील्स बघतात.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी धक्के मारू लागली. एका सर्व्हिस सेंटरने लांबलचक यादी हातात दिली. मी प्लग घेतले आणि अंगणात बसलो. तीन सिलिंडर, तीन प्लग. इंजिन पूर्ण थंड. कॉईलचा 10 मिमीचा बोल्ट काढला, कॉईल वर ओढली, खड्ड्यातली धूळ फुंकून टाकली, मग 16 मिमीचा प्लग पाना. कौशल्य एकाच जागी लागतं: नवा प्लग बसवताना पहिले आटे हातानेच फिरवायचे. हेड अॅल्युमिनियमचं असतं. वाकडा प्लग पान्याने रेटलात तर आटे गेले, आणि मग खरंच मोठं बिल. तासाभरात गाडी सुरळीत. (डिझेलवाल्यांनी हे वाचून प्लग शोधत बसू नये, तिथे स्पार्क प्लग नसतोच.)

"वॉरंटी जाईल" म्हणून घाबरवतात. 25 ऑगस्ट 2014 रोजी स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देण्यावरून. बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, अर्थातच.

म्हणजे नाक्यावरचा गॅरेजवाला आपला शत्रू नाही. त्याचीही वाट तिथेच अडवली होती. माझा प्लग पाना मी त्याच्याकडूनच मागून आणला होता; परत द्यायला गेलो तर म्हणाला, "ठेव रे, डिकीत टाक."