चंदेरी फुगा होडीत ठेवा, पण त्याच्या भरवशावर दर्यात जाऊ नका



वाढदिवसाला आणतात ते चंदेरी फॉइलचे फुगे संकटात कसे वापरायचे, याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरताहेत. अंगाला गुंडाळा, उन्हात चमकवा, होडीला बांधा म्हणजे रडारवर दिसाल, असं त्यात सांगतात. बघून काही तरुण खलाशी विचारतात, एवढ्या स्वस्तात काम होतंय तर लाइफ जॅकेट कशाला? या 'कशाला'चं उत्तर द्यायलाच हवं.

कल्पना अगदीच खुळी नाही. ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेलं प्लास्टिक शरीराची ऊब परतवतं. 1964 मध्ये नासाने अंतराळासाठी असा पडदा तयार केला, त्यातूनच आजची फॉइलची चादर आली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या तराफ्यावर हाताने फिरवायचा रेडिओ असायचा, त्याची तार वर चढवायला सोबत पतंग आणि फुगा देत. म्हणजे फुगा होता, पण रेडिओच्या मदतीला. रेडिओच्या जागी नव्हे.

आता आपल्या होडीतला हिशोब बघा.

रडार: लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवर फिकी दिसते, हे खरं. पण गोल फुगा रडारची लाट चहूबाजूंना उधळून टाकतो, जहाजाकडे परत जाते ती जेमतेम. पत्र्याचे तुकडे एकमेकांना काटकोनात जोडलेला रिफ्लेक्टर तेवढ्याच आकारात फुग्याच्या पन्नास पटींहून जास्त लाट परत पाठवतो. तो काठीवर उंच बांधायचा, झालं.

चमक: फुग्याची चमक सगळीकडे थोडी थोडी विखुरते. सपाट आरसा एकाच दिशेला झोत टाकतो आणि तो कित्येक किलोमीटरवरून दिसतो. घरात पडलेली जुनी सीडी घ्या, मधल्या भोकातून हेलिकॉप्टरवर नेम धरता येतो. खर्च शून्य.

तरंगणं: दीड फुटी फुग्यात साधारण 14 लिटर हवा मावते, त्यामुळे कागदावर तो माणसाला तोलतो. पण एक गळ लागला की संपला. शिवाय शुद्ध हरपली तर हातातला फुगा सुटतो. चांगलं जॅकेट अंगाला बांधलेलं असतं आणि तोंड पाण्याच्या वर धरतं. फुग्यापेक्षा बूच घट्ट लावलेला 20 लिटरचा रिकामा कॅन बरा.

गॅस: फेरीवाले बऱ्याचदा फुग्यात हायड्रोजन भरतात. इंजिन, स्टोव्ह आणि विडीच्या शेजारी असला फुगा म्हणजे आगीला आमंत्रण. ठेवायचाच तर घडी घालून ठेवा आणि लागला तर तोंडाने फुगवा. आणि उगाच दर्यात सोडू नका. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात. तरंगतं प्लास्टिक त्यांच्या पोटात गेलं तर ती मरतात.

मग फुग्याचा उपयोग काय? शेवटचा आधार म्हणून. फाडून छातीला गुंडाळायला, बांबूच्या टोकाला बांधून खूण करायला. त्याआधी चार गोष्टी हव्यात: माणशी जॅकेट, चालू व्हीएचएफ (संकटात चॅनेल 16), इस्रोने बनवलेलं डॅट यंत्र आणि 1554 हा तटरक्षक दलाचा नंबर प्रत्येकाच्या तोंडपाठ. डॅट उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवतं. नव्या डॅटवर तर संदेश पोचल्याची पोचही परत येते. फुग्याकडून असली पोच कधी येणार नाही.

2017 चं ओखी वादळ आठवा. केरळ-तामिळनाडूच्या होड्या आसऱ्याला पार देवगडपर्यंत आल्या. कित्येक खलाशी मात्र परतलेच नाहीत. जे आधीच खोल दर्यात होते त्यांच्यापर्यंत इशारा पोचवायला धड साधन नव्हतं. तिथं चंदेरी फुग्याने काय केलं असतं?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, काहींना राग आला तरी चालेल. पावसाळी बंदी 31 जुलैला संपते. त्यानंतर पहिलं डिझेल देण्याआधी संस्थेने प्रत्येक होडीत माणशी जॅकेट आहे का हे बघावं. नसेल तर आधी जॅकेट, मग डिझेल. एकेकट्याला परवडत नसेल तर एकत्र खरेदी करू, फॉइलच्या चादरी आणि रिफ्लेक्टरही त्यातच घेऊ. जाळं फाटलं की त्याच दिवशी सुतळी आणतो ना आपण? मग माणसाच्या जिवालाच स्वस्तातला पर्याय का शोधायचा?

तांडेल मंडळींनी आपलं मत खाली लिहावं. विषय पुढच्या सभेत घेऊच.

आपला,
सचिव