टोपाच्या दुकानातून ग्रंथालयाकडे

आज ज्या मालाला मागणी आहे, त्याला उद्याही ती राहील, अशी हमी कोणतीही पेढी देऊ शकत नाही. अठराव्या शतकात एडिनबर्ग शहरातील ॲलन रॅम्से या कारागिराने हे वेळीच ओळखले होते.

केसांचा टोप, म्हणजे विग, घालण्याची प्रथा फ्रान्सच्या राजदरबारातून पसरली. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यानंतर ती इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रुजली. न्यायाधीश, वकील, वैद्य आणि सधन व्यापारी टोपाशिवाय बाहेर पडत नसत. मानवी केसांचा टोप महाग, तर घोड्याच्या वा बकरीच्या केसांचा स्वस्त. शिवाय टोप नीट बसावा म्हणून डोके भादरून घेणे, टोपाचे केस कुरळे करणे, त्यांवर भुकटी लावणे हे वरचेवर करावे लागे. साहजिकच एकदा आलेले गिऱ्हाईक पुनःपुन्हा येई.

शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे. फ्रेंच ‘पेरुक’चे इंग्रजीत ‘पेरिविग’ झाले आणि पुढे केवळ ‘विग’ उरले. ‘व्हिग’ या राजकीय पक्षाचे नाव मात्र टोपावरून आलेले नाही. ते स्कॉटलंडमधील ‘व्हिगमोर’ या शब्दावरून आले. १६४८ मध्ये एडिनबर्गवर चालून गेलेल्या पश्चिम स्कॉटलंडच्या लोकांना हे नाव मिळाले होते. स्कॉट माणूस ‘व्हिग’मधील हकार स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे त्याच्या कानाला हे दोन शब्द वेगळेच लागतात.

लेडहिल्स या खाणींच्या गावातून आलेल्या रॅम्सेने एडिनबर्गमध्ये टोप करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले. फावल्या वेळात तो स्कॉट बोलीत कविता करी. सुट्या पानांवर छापलेल्या त्या कविता खपू लागल्या, तेव्हा त्याने हळूहळू टोपांचा धंदा आवरून पुस्तकविक्री पत्करली. १७२५ मध्ये त्याने वाचकांना भाड्याने पुस्तके देणारे ग्रंथालय उघडले. ब्रिटनमधील अशा आद्य ग्रंथालयांत त्याची गणना होते. कर्मठ मंडळींनी नाके मुरडली, तरी ग्रंथालय चालले.

प्रत्येक बेत मात्र साधला नाही. १७३६ मध्ये त्याने नाट्यगृह काढले. पुढच्याच वर्षी आलेल्या नाट्यविषयक कायद्याने ते बंद पडले आणि त्याला आर्थिक झळ सोसावी लागली. पण पुस्तकांचा मूळ व्यवसाय शाबूत असल्याने तो सावरला.

टोपांचे दिवसही पुढे सरले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक स्वतःचेच केस मिरवू लागले. १७९५ मध्ये सरकारने केसांच्या भुकटीवर माणशी वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, कर बसवला. भुकटी पिष्टाची, आणि ते वर्ष धान्यटंचाईचे. अनेकांनी कर भरण्याऐवजी भुकटीच सोडली. फॅशन ओसरत होतीच, कराने तिला शेवटचा धक्का दिला.

हे पाहायला रॅम्से हयात नव्हता. १७५८ मध्येच तो निवर्तला होता. पण टोपांना बरकत असतानाच त्याने दुसऱ्या धंद्याची पायाभरणी केली होती. जुना धंदा बुडू लागल्यावर नव्याचा शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा भांडवलही उरत नाही आणि वेळही.